सोप्यात बसून पाहिलेले ऑक्सफर्ड

गेल्या जुलै महिन्यातल्या एका रविवारी दुपारी तीन ते पाच या वेळात मी, माझी डोंबिवलीची मैत्रीण आणि माझी आई अशा तिघींनी सोलापुरातल्या आमच्या घराच्या सोप्यात बसून ऑक्सफर्ड शहराची पायी फेरी केली. पाय अर्थातच तिकडच्या गाईडबाईंचे होते. त्यांच्या हातातल्या मोबाइलमधले दृश्य आमच्या टीव्हीवर दिसत होते आणि आम्ही विचारलेले प्रश्न त्यांना कानात ऐकू जात होते. टाळेबंदीच्या काळात अशा लाइव्ह फेऱ्यांना मागणी वाढली आणि त्यांतल्या काही अजूनही चालू आहेत. आम्ही ज्यांच्याकडे नाव नोंदवले त्या कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण ही सेवा म्हणजे जवळजवळ सर्वस्वी ती गाईडच असते आणि गाईड बदलली की त्याच नावाची, त्याच दराची फेरी अगदी वेगळी होऊ शकते. अशा फेरीत पैसे कशासाठी मोजावेत आणि कशाची अपेक्षा ठेवू नये, एवढे मात्र अनुभवावरून सांगता येईल.

एका स्क्रीनचे दोन तासांचे २,४०० रुपये पडले. स्क्रीनसमोर किती माणसे बसली आहेत, हे कोणी विचारत नाही, त्यामुळे दोघींनी दोन गावांतून वेगवेगळे पैसे भरण्यापेक्षा एका ठिकाणी जमावे, असा काटकसरीचा विचार मैत्रिणीने मांडला आणि ती कल्याणहून सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सोलापूरला आली. रेल्वेचे तिकीट धरले तर हा हिशेब साफ चुकतो, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होते; पण पाच वर्षे केवळ अक्षरांतून ओळख असलेल्या माणसाला भेटायला काहीतरी व्यावहारिक निमित्त असले की बरे वाटते.

ही ओळख कशी झाली ते सांगायला हवे, कारण फेरीत आम्हाला काय हवे होते ते त्यावरूनच ठरले. टोल्कीन यांनी आपल्या कादंबऱ्यांतल्या एल्फ लोकांसाठी निर्माण केलेल्या 'टेंगवार' या लिपीत मराठी कशी लिहावी, याच खटपटीत असलेल्या चाहत्यांच्या एका छोट्या गटात आम्ही दोघी आहोत. हा उद्योग ऐकायला विचित्र वाटतो, परंतु बाराखडी घोकलेल्या माणसाला ही लिपी पाहताक्षणी ओळखीची वाटते. तिच्या मूळ रचनेत दंत्य, ओष्ठ्य, कंठ्य असे उच्चारस्थानानुसार अक्षरांचे वर्ग असतात, त्या वर्गांत अघोष, घोष, अनुनासिक अशा पायऱ्या असतात, आणि स्वर आपल्या वेलांटी-मात्रेप्रमाणे चिन्हांनी दाखवता येतात. अडचण येते ती मूर्धन्य अक्षरांपाशी, आणि सगळ्यांत मोठी अडचण 'ळ'ची. 'ळ'साठी कोणते चिन्ह घ्यावे यावर गटात तीन आठवडे वाद झाला. तो वाद आम्ही दोघींनी एका बाजूने लढवला आणि तेव्हापासून आमची मैत्री आहे. माझ्या बाजूला एक सोय अशी होती की आमच्या घरात आई कन्नड बोलते, समोरच्या घरात तेलुगू चालते, मागच्या गल्लीत दखनी ऐकू येते आणि शाळेत मी मराठी शिकवते. लिपी बदलली तरी 'ळ' कसा तग धरून राहतो, हे सोलापुरात राहणाऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. गटात आम्ही एकमेकींना कायम 'तुम्ही' म्हणत आलो होतो. स्टेशनवर तिने "अगं, तू तर आवाजावरून लहानखुरी वाटतेस" असे म्हटले आणि तो प्रश्न तिथेच निकालात निघाला.

पहिली तक्रार वेळेची. संकेतस्थळावर 'सकाळी १०.३०' एवढेच लिहिले होते आणि नोंदणीनंतर आलेल्या ईमेलमध्ये त्याचे भारतीय वेळेत रूपांतर करून दुपारी चार असे कळवले होते. मैत्रिणीला शंका आली, कारण ब्रिटनमध्ये उन्हाळ्यात घड्याळे एक तास पुढे केलेली असतात. त्या काळात आपल्या आणि त्यांच्या वेळेत साडेचार तासांचे अंतर असते आणि फक्त हिवाळ्यात ते साडेपाच तासांचे होते. तिने विचारणा केली तेव्हा 'तीन वाजता' असे एका ओळीचे उत्तर आले, दिलगिरीचा शब्दही न घालता. तिने विचारले नसते तर आम्ही अर्धी फेरी संपल्यावर टीव्ही लावला असता. ज्यांचा सगळा धंदाच परदेशी गिऱ्हाइकांवर चालतो, त्यांनी एवढे तरी नीट पाहायला हवे होते.

गंमत म्हणजे ऑक्सफर्डलाही वेळेची स्वतःची एक खोड आहे, आणि ती आम्हाला गाईडबाईंनीच सांगितली. हे शहर ग्रिनिचच्या पश्चिमेला असल्यामुळे तिथली स्थानिक वेळ ग्रिनिचच्या सुमारे पाच मिनिटे मागे येते. रेल्वेमुळे सगळ्या देशाने एकच वेळ स्वीकारली, तरी क्राइस्ट चर्च या कॉलेजच्या टॉम टॉवरमधली मोठी घंटा आजही रात्री नऊ वाजून पाच मिनिटांनी, म्हणजे जुन्या ऑक्सफर्ड वेळेप्रमाणे बरोबर नऊला, १०१ टोले देते. कॉलेजच्या मूळच्या १०० विद्यार्थ्यांत नंतर एकाची भर पडली, म्हणून टोले १०१. हे मी आईला कन्नडमध्ये सांगितले, तेव्हा तिला तिच्या वडिलांच्या तोंडची 'मुंबई टाइम' आठवली. ती भारतीय प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असे आणि मुंबईत १९५५पर्यंत चालली.

फेरी ब्रॉड स्ट्रीटवर सुरू झाली. रस्त्याच्या मधोमध दगडांत बसवलेला एक क्रूस दाखवून गाईडबाईंनी १५५५ साली लॅटिमर आणि रिडली या दोन बिशपांना आणि पुढच्या वर्षी आर्चबिशप क्रॅन्मर यांना तिथे जाळल्याची हकीकत सांगितली. पुढे कारफॅक्स चौकात १० फेब्रुवारी १३५५ रोजी दारूच्या दर्जावरून सुरू झालेल्या आणि गावकरी विरुद्ध विद्यार्थी असे स्वरूप घेतलेल्या दंगलीची गोष्ट आली, जिच्या प्रायश्चित्तापोटी शहराच्या महापौराला १८२५पर्यंत दरवर्षी विद्यापीठापुढे मान तुकवावी लागत असे. गोष्ट चांगली आहे, पण तिला पंधरा मिनिटे दिली गेली आणि पाठ केलेले भाषण चालू आहे, हे स्पष्ट कळत होते. अशा वेळी पडद्यावर एकच भिंत दिसत राहते आणि सोप्यातली माणसे शेंगाचटणीच्या वाटीकडे वळतात.

फेरीचा रंग बदलला तो आईच्या एका प्रश्नाने. पाऊण तास ती गप्प पाहत होती, मग तिने मला विचारले, "विद्यापीठाचं मेन गेट कधी दाखवणार म्हणे?" मी तो प्रश्न इंग्रजीत विचारला, तेव्हा गाईडबाई मनापासून हसल्या आणि चालायच्या थांबल्या. असे गेट नाहीच, आणि हाच प्रश्न त्यांना सर्वांत जास्त वेळा विचारला जातो, असे त्या म्हणाल्या. ऑक्सफर्डमध्ये विद्यापीठाचे एकच आवार नाही. विद्यापीठ गावभर विखुरलेले आहे. राहणे, जेवणे आणि दोघा-तिघांच्या गटात प्राध्यापकापुढे बसून शिकणे हे कॉलेजात होते, तर परीक्षा घेणे आणि पदवी देणे हे विद्यापीठाचे काम असते. प्रत्येक कॉलेजची मालमत्ता, कारभार आणि दरवाजा स्वतंत्र असतो. आमच्या डोळ्यांसमोर होते ते केगावचे, पुणे रस्त्यावरचे आवार. १ ऑगस्ट २००४ रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन होईपर्यंत आमच्या जिल्ह्यातली कॉलेजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती आणि गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायची तर कोल्हापूरची वाट धरावी लागे. विद्यापीठ म्हणजे एक गेट, एक कार्यालय आणि एक खिडकी, हीच आमची कल्पना. ती आईच्या प्रश्नाने उघडी पडली आणि त्यावरचे उत्तर कोणत्याही चित्रफितीत आम्हाला मिळाले नसते.

दुसरा शोधही आईचाच. कॅमेरा ब्रॉड स्ट्रीटच्या पूर्व टोकाकडे वळला, तेव्हा कोपऱ्यावरच्या इमारतीच्या घुमटीवर तिला हत्ती दिसला. गाईडबाईंच्या कार्यक्रमात तो नव्हता. ती इमारत म्हणजे जुनी इंडियन इन्स्टिट्यूट. तिच्या वातकुक्कुटाच्या जागी कोंबड्याऐवजी अंबारीसह हत्ती बसवला आहे. १८८३ साली तिची पायाभरणी झाली, ती मुंबईत जन्मलेल्या मोनियर-विल्यम्स या संस्कृत पंडितांच्या प्रयत्नांतून. इथून पुढे बोलायला मैत्रीण सरसावली. कंपनी सरकारच्या मुंबई लष्करातील कर्नल बोडेन यांनी ठेवलेल्या संपत्तीतून ऑक्सफर्डमध्ये संस्कृतचे अध्यासन निर्माण झाले. १८६०मध्ये त्या जागेसाठी मोनियर विल्यम्स आणि माक्स म्यूलर यांच्यात चक्क निवडणूक झाली, जाहीर पत्रके निघाली, पदवीधरांनी मते दिली आणि म्यूलर ६१० विरुद्ध ८३३ असे हरले. महापालिकेच्या वॉर्डातल्यासारखी ही निवडणूक आईला सर्वांत जास्त समजली. "हरलेला कुठं गेला मग?" असे तिने विचारले. तो ऑक्सफर्डमध्येच राहिला आणि पुढे त्याच्यासाठी तौलनिक भाषाशास्त्राचे वेगळे अध्यासन निघाले, हे ऐकून ती म्हणाली, "हां, तसंच असतंय."

आता आमच्या आवडीच्या भागाकडे येते. जाहिरातीत 'साहित्यिक ऑक्सफर्ड' असा शब्दप्रयोग होता. प्रत्यक्षात गाईडबाईंचा भर जादूच्या शाळेच्या चित्रपटांतल्या ठिकाणांवर होता. बोडलीयन ग्रंथालयाच्या आवारातले डिव्हिनिटी स्कूल, ज्याच्या दगडी छताचे जाळीकाम १४८०च्या दशकात पूर्ण झाले, ते आम्हाला 'चित्रपटातला दवाखाना' म्हणून बाहेरूनच दाखवण्यात आले. हे त्या इमारतीवर अन्यायाचे आहे, असे मला वाटले. ग्रंथालयाची शपथ मात्र त्यांनी सुंदर म्हणून दाखवली. १६०२ साली वाचकांसाठी खुल्या झालेल्या या ग्रंथालयात प्रवेश घेणाऱ्याने आपण आत विस्तव किंवा ज्योत आणणार नाही आणि पेटवणार नाही, असे वचन आजही द्यायचे असते. शेजारचा रॅडक्लिफ कॅमेरा, जेम्स गिब्ज या वास्तुविशारदाचा १७४९मध्ये खुला झालेला गोल घुमटाचा वाचनकक्ष, टीव्हीवरही छाती दडपून टाकतो; गाईडबाई त्याभोवती पूर्ण एक प्रदक्षिणा घालून आल्या आणि त्या चार मिनिटांत काही बोलल्या नाहीत. असे गप्प राहणे गाईडला सुचायला लागते.

टोल्कीन यांच्याविषयी आम्ही आधीच तीन प्रश्न लिहून पाठवले होते. ते गाईडपर्यंत पोहोचलेच नव्हते, ही दुसरी तक्रार. पण तिथल्या तिथे विचारल्यावर बाईंनी हात झटकले नाहीत. आमचा पहिला प्रश्न असा होता की पहिल्या महायुद्धानंतर १९१९-२०मध्ये ते इंग्रजीच्या मोठ्या शब्दकोशासाठी 'डब्ल्यू'ने सुरू होणाऱ्या शब्दांवर काम करत होते, ती खोली कुठली? बाई आल्या वाटेने परत फिरल्या आणि शेल्डोनियन सभागृहाच्या शेजारच्या, १६८३मध्ये संग्रहालय म्हणून उघडलेल्या जुन्या ॲशमोलियन इमारतीपुढे उभ्या राहिल्या. शब्दकोशाचे काम तेव्हा तिथे चाले. आज तिथे विज्ञानाच्या इतिहासाचे संग्रहालय आहे आणि १९३१ साली आइन्स्टाइन यांनी व्याख्यानात लिहिलेला फळा जपून ठेवला आहे. 'वॉलरस' या एका शब्दाच्या व्युत्पत्तीसाठी टोल्कीन यांनी किती कागद काळे केले, हे मैत्रीण सांगू लागली, तेव्हा आमच्याबरोबर फेरीत असलेल्या इतर तीन स्क्रीनवरची माणसेही पुढे सरकून ऐकू लागली. त्यांना कंटाळा आला असेल तर त्यांनी तो दाखवला नाही.

टर्ल स्ट्रीटवरच्या एक्सेटर कॉलेजच्या दारात पाहण्यासारखे फार नव्हते, कारण आत कॅमेरा नेण्याची परवानगी नव्हती. तरी ती जागा आमच्यासाठी मोलाची होती. १९११ साली टोल्कीन तिथे विद्यार्थी म्हणून आले आणि कॉलेजच्या ग्रंथालयातून त्यांनी फिनिश भाषेचे व्याकरण घरी नेले; त्या भाषेच्या नादातून पुढे त्यांची 'क्वेन्या' भाषा आकाराला आली, तर 'सिंदारिन'चा नाद त्यांनी वेल्शवरून घेतला. मैत्रिणीने या दारासमोर अचानक माझा हात घट्ट धरला आणि काही क्षण आम्ही दोघी बंद दाराकडे बघत राहिलो. बंद दार पाहण्यासाठी आपण पैसे भरले, हे मला नंतर सुचले. सेंट जाइल्स रस्त्यावरच्या, 'इंकलिंग्ज' या त्यांच्या मित्रमंडळाच्या मंगळवारच्या बैठकांमुळे प्रसिद्ध झालेल्या पबचेही दार बंद होते. तो २०२०पासून बंद आहे. जाहिरातीतल्या छायाचित्रात तो दिव्यांनी उजळलेला दाखवला होता, तेव्हा पुढे कोणी नाव नोंदवणार असेल तर छायाचित्रांवर जाऊ नये. वुल्व्हरकोटच्या दफनभूमीतली त्यांची समाधी शहरापासून लांब असल्याने या फेरीत येत नाही आणि तिच्यासाठी वेगळे पैसे पडतात. हे आम्हाला शेवटी सांगण्यात आले. आधी सांगितले असते तर आम्ही तीच फेरी निवडली असती.

सर्वांत चांगला भाग अगदी अखेरीस आला, आणि तो कार्यक्रमाबाहेरचा होता. सेंट जाइल्सपर्यंत आलोच आहोत तर पुढे वुडस्टॉक रोडवरचे सॉमरव्हिल कॉलेज पाहता येईल का, असे मैत्रिणीने विचारले. वेळ संपायला सहा मिनिटे उरली होती. बाईंनी कारण विचारले, तेव्हा तिने कॉर्नेलिया सोराबजी यांचे नाव घेतले. नाशिकला १८६६ साली जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलियाबाई १८८९मध्ये या कॉलेजात आल्या; कायद्याची पदव्युत्तर परीक्षा स्त्रीला देऊ द्यावी यासाठी विद्यापीठाला खास ठराव करावा लागला आणि १८९२मध्ये त्यांनी ती दिली, पण पदवी हातात पडायला १९२२ साल उजाडले, कारण ऑक्सफर्ड १९२०पर्यंत स्त्रियांना पदवीच देत नसे. गाईडबाईंना हे नाव ठाऊक नव्हते आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले. मग त्या भराभर चालत निघाल्या. कॅमेरा हिंदकळत होता, वाऱ्याने आवाज फुटत होता, आणि पाच वाजून सात मिनिटांनी आम्ही सॉमरव्हिलच्या दरवाज्यापुढे होतो. तिथे मैत्रीण बोलली आणि बाईंनी ऐकले. जास्तीच्या वेळेचे पैसे मागितले गेले नाहीत.

तांत्रिक बाजू मध्यम होती. आच्छादित बाजारपेठेत, १७७०च्या दशकापासून चालत आलेल्या त्या मंडईत, शिरताच संपर्क तुटला आणि सात मिनिटे पडदा काळा राहिला. ती भरून दिली गेली नाहीत, अर्थात शेवटची सात मिनिटे त्यात वळती करून घेतली तर फिटंफाट झाली. इंग्रजी उपशीर्षके नव्हती आणि बाई उत्साहात आल्या की फार भरभर बोलत, त्यामुळे आईसारख्यांच्या शेजारी दुभाषा बसवणे भाग आहे. चित्रीकरण नंतर पाहायला मिळते, पण फक्त २४ तास. आम्ही दुसऱ्या दिवशी संध्याकाळी उघडायला गेलो तेव्हा दुवा मेलेला होता. मोबाइलच्या पडद्यावर ही फेरी घेण्यात अर्थ नाही. टीव्हीला केबल जोडावी, इन्व्हर्टर चार्ज करून ठेवावा आणि प्रश्न कागदावर लिहून हाताशी ठेवावेत.

संध्याकाळचा दुवा हुकण्याचे कारण असे की सोमवारचा सगळा दिवस मी मैत्रिणीला सोलापूर दाखवत होते. भुईकोट किल्ल्यात शिरताना मी आत्मविश्वासाने 'बहामनी काळातला' असे सांगितले. त्यानंतर तिने तटातल्या एका कोरीव दगडाकडे बोट दाखवून हा कुठून आला असे विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. सिद्धेश्वर तलावाच्या काठावर जरा बरे झाले, कारण बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांनी कन्नडमध्ये वचने लिहिली, हे मला माहीत होते आणि त्यांतले एक आईने फोनवरून म्हणून दाखवले. त्यात 'ळ' किती वेळा येतो हे मैत्रिणीने बोटांवर मोजले. पण ऑक्सफर्डच्या बाईंनी 'मला माहीत नाही' हे ज्या सहजतेने म्हटले होते, ती सहजता मला किल्ल्यात साधली नव्हती, हे कबूल करते.

वुल्व्हरकोटची फेरी आम्ही नोव्हेंबरात घेणार आहोत आणि त्याच गाईडबाई मिळतील का, असे आधी विचारून मगच पैसे भरणार आहोत. या खेपेला मी डोंबिवलीला जायचे ठरले आहे. आईने आतापासूनच कडक भाकरीचा डबा आणि मैत्रिणीसाठी एक चादर बाजूला काढून ठेवली आहे, आणि मैत्रिणीने स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्या तारखेखाली टेंगवारमध्ये 'साडेपाच तास' असे लिहून त्याचे छायाचित्र मला पाठवले आहे.